बाटली किती दिवस पुरते

अडीच मिलिलिटर म्हणजे किती, ते समोर धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. खोकल्याच्या औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो, त्याच्या निम्मं. काचबिंदूवरच्या लॅटानोप्रॉस्ट नावाच्या डोळ्यांच्या थेंबांच्या एका बाटलीत तेवढंच औषध असतं आणि त्यातून साधारण ऐंशी थेंब पडतात. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब म्हटलं तर महिन्याला साठ लागतात. उरले वीस. पापणीवर पडलेले, गालावरून ओघळलेले, हात थरथरला म्हणून उशीत जिरलेले, असे सगळे त्या विसांत बसवायचे. ज्याचे बसतात त्याची बाटली महिनाभर जाते. ज्याचे बसत नाहीत तो बाविसाव्या दिवशी माझ्या काउंटरवर येऊन उभा राहतो आणि आधी किंमत विचारतो.

गोव्यात फोंड्याला तिस्कजवळ आमची फार्मसी आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, आता मी बघते. येत्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याला एकोणीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आहे. डॉक्टरची औषधं लिहायची रीत डॉक्टरला स्वतःला जेवढी ठाऊक नसते, तेवढी फार्मसीवाल्याला असते. डॉक्टर एका वेळी एक रुग्ण बघतो. आमच्याकडे त्याचे सगळे कागद एकामागोमाग एक येतात. कुठल्या कंपनीचं नाव त्याच्या हाताला बसलंय, ते कधी बदललं, पहिल्याच भेटीत तीन बाटल्या लिहिणारा कोण, एकीवर महिनाभर थांबून बघणारा कोण, हे न ठरवताही कळत जातं. मुद्दाम लक्ष घालून मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायला लागले ती उसगावच्या काकांनंतर.

काका खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर घरीच असत. दम्याचा पंप दर महिन्याला माझ्याकडूनच न्यायचे, त्यामुळे त्यांची छाती कशी आहे ते मला चेहऱ्यावरून कळायचं. एकदा ते डोळ्यांचा कागद घेऊन आले. बाहेर कुठे तरी दाखवलं होतं. कागदावर दोन औषधं एकाच बाटलीत असलेला थेंब लिहिला होता आणि त्यातलं एक टिमोलॉल होतं. टिमोलॉल घालायचं डोळ्यात, पण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ते नाकात उतरतं, तिथून रक्तात जातं, श्वासनळ्या आवळतं, नाडी मंद करतं. दम्याच्या माणसाला ते द्यायचं नसतं. आमच्या अभ्यासक्रमात हे शिकवतात, विसरण्यासारखं नाही. मी कागदावरच्या नंबरवर फोन लावला. तिकडच्या मुलीने सांगितलं, "डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग द्या." मी दिलं.

चौथ्या रात्री काकांना धाप लागली आणि गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागलं. वाचले. सून सांगायला आली तेव्हा तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट म्हणाली, "तुम्ही विचारलं तरी होतंत." हे वाक्य अजून टोचतं. विचारलं होतं, आणि तरी दिलं होतं.

त्यानंतर मी काचबिंदूच्या गिऱ्हाइकांसाठी एक वही केली. सासरे उधारी लिहायचे तसली लांबडी, लाल कापडी पाठीची. नाव, डोळ्यांचं औषध, आणखी कुठली औषधं चालू आहेत ती, आणि बाटली नेली ती तारीख. कॉम्प्युटरवर बिलं असतातच, पण बिलात माणूस दिसत नाही. वहीत एका माणसाच्या तारखा एका ओळीत दिसतात.

आमच्या घरात काचबिंदू बाबांमुळे आला. बाबा प्राथमिक शाळेत मराठीचे मास्तर. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव शाळा काढल्या, त्यांतल्याच एकीत ते शिकले आणि पुढे तसल्याच शाळांतून शिकवलं. जत्रेतल्या नाटकाला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करायचं काम त्यांच्याकडे कायमचं. संहिता हातात, नजर रंगमंचावर, आणि डावीकडून कोण येतो, उजवीकडून कोण जातो, यावर न बघता लक्ष. एका वर्षी डाव्या बाजूने राजा आत आला आणि बाबांना तो आलेला कळलाच नाही. पुढचं वाक्य त्यांनी प्रधानाला दिलं. सगळे हसले, बाबाही हसले. मग त्या चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना त्यांनी मधले नारळ, तोरिंगं, सुपाऱ्यांचे घोस नीट बांधले आणि डावीकडचा कोपरा तसाच रिकामा सोडून खाली उतरले. "झाली की," म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या डोळ्यांत काहीच दुखत नव्हतं. समोरचं अक्षर स्वच्छ दिसत होतं, पेपर चष्म्याने वाचत होते. काचबिंदूचा दगा तो हाच. मोतीबिंदू माणसाला सांगून येतो, सगळं धुरकट करतो, आणि शस्त्रक्रियेने जातो. काचबिंदू कडेकडेने नजर खातो आणि मेंदू ती रिकामी जागा आपल्या अंदाजाने भरून टाकतो. खाल्लेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं, एवढंच हातात.

दाब म्हणजे काय हे बाबांना समजावताना डॉक्टरांनी खाजनाचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेताचं, उदाहरण दिलं होतं. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि एका जाळीतून सतत बाहेर जातं. जाळी चोंदली की आत पाणी तुंबतं, जसा मानस, म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा, गच्च झाला की खाजनात पाणी चढतं आणि बांधावर जोर येतो. डोळ्यातला बांध म्हणजे मागची नस. सर्वसाधारण दाब पाऱ्याचे १० ते २१ मिलिमीटर धरतात, पण कुणाची नस सोळालाही झिजते आणि कुणाची चोवीसला शाबूत राहते. म्हणून प्रत्येकाचा आकडा डॉक्टरने ठरवायचा असतो. स्वीडनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या एका अभ्यासात दिसलं की दाबाचा एकेक मिलिमीटर उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. एक मिलिमीटर! हे वाचल्यापासून कुणी "थेंब एखादा चुकला तर काय होतं" म्हणालं की मला गप्प राहवत नाही.

औषधं सगळी याच पाण्याची. काही झऱ्याचं पाणी कमी करतात, काही बाहेर जायची वाट मोकळी करतात. फार जुनं औषध पिलोकार्पीन. पोर्तुगिजांनी ज्या ब्राझीलमधून आपल्याकडे काजू आणला, त्याच ब्राझीलच्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतलं ते द्रव्य, १८७०च्या दशकापासून डोळ्यांत घालतात. बाहुली टाचणीएवढी होते, कपाळ ठणकतं, दिवसातून चार वेळा घालावं लागतं. आता क्वचितच लिहिलेलं दिसतं. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉल बाजारात आलं आणि चार वेळांचं दोन वेळांवर आलं, बाहुली जशीच्या तशी. १९९६ मध्ये लॅटानोप्रॉस्ट आलं, रात्री एकदाच घालायचं, आणि दाब टिमोलॉलपेक्षाही जास्त उतरवणारं. पापण्यांचे केस मात्र लांब होतात. आई बाबांना म्हणते, नवरीला नसतील अशा पापण्या आल्यात तुम्हाला. त्याच दशकातली ब्रिमोनिडीन, डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड, आणि मग या औषधांच्या जोड्या.

किमतीत फरक केवढा, तर टिमोलॉलची पाच मिलिलिटरची बाटली अजून शंभराच्या आत मिळते. लॅटानोप्रॉस्टच्या निम्म्या आकाराच्या बाटलीला कंपनीप्रमाणे त्याच्या कितीतरी पट पडतात. जोड्यांचंही तसंच. ज्या घरात म्हातारीच्या हातात दयानंद योजनेच्या सरकारी पेन्शनचे महिन्याचे दोन हजार एवढीच स्वतःची म्हणावी अशी रक्कम असते, त्या घरात पाचशेची एखादी बाटली म्हणजे त्या रकमेचा चौथा हिस्सा. आणि हा खर्च एका महिन्याचा नाही, जन्मभराचा आहे.

२०२२ च्या सप्टेंबरात अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत लॅटानोप्रॉस्ट आलं, त्या यादीतल्या औषधाच्या किमतीला सरकार कमाल मर्यादा घालतं. ही चांगली गोष्ट झाली. पण जोड्या त्या यादीबाहेर राहिल्या आणि यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला दरसाल १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. साहजिकच बॅग घेऊन दवाखान्यांत फिरणारी मुलं ज्यांच्याबद्दल जास्त बोलतात ती यादीबाहेरचीच औषधं असतात. ती मुलं वाईट नाहीत, त्यांना महिन्याचा आकडा गाठायचा असतो. ती माझ्याकडेही येतात. कुठल्या डॉक्टरकडे ती सोमवारी जाऊन आली हे मला पुढच्या सोमवारच्या कागदांवरून कळतं. महाग बाटलीवर मलाही चार पैसे जास्त सुटतात, हेही इथे सांगायला हवं. मी हे लिहिते आहे ती त्याच पैशांवर घर चालवणारी बाई आहे.

जोडी लिहिणं म्हणजे दर वेळी पैशांसाठीच, असं मी म्हणणार नाही. दोन वेगळ्या बाटल्या असल्या की मध्ये पाच मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला ती पाच मिनिटं सांभाळणं जमत नाही. एकाच बाटलीत दोन्ही औषधं असली तर त्याचा खरोखर फायदा होतो. तसंच बिनप्रिझर्वेटिव्हच्या महाग बाटलीचं. नेहमीच्या थेंबांत औषध खराब होऊ नये म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असतं, वर्षानुवर्षं ते डोळ्यात गेलं की काहींचे डोळे लाल, कोरडे, चुरचुरते होतात आणि मग ते औषधच सोडतात. त्यांना महाग बाटलीच हवी. प्रश्न असतो तो डॉक्टर हे कुणाला लिहितो आणि लिहिण्याआधी काय विचारतो.

ज्यांच्याकडे बाबांना नेलं ते डॉक्टर आमच्याच गावातले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचा कागद मी हजारांत ओळखीन. औषधाचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत, खाली कंसात एखाद-दुसऱ्या कंपनीचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावं असा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. हे त्याच्या कितीतरी आधीपासून तसं लिहीत होते. त्याखाली "दमा: नाही, नाडी: ७२" असली एक ओळ. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला उसगावचे काका आठवले आणि कागद हातात धरून मी जरा वेळ नुसतीच उभी राहिले. शेवटी, "रात्री ९, दोन्ही डोळे, बाटली ३० दिवस."

हे शेवटचे तीन शब्द मी दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरच्या कागदावर पाहिले नव्हते. त्यांनी बाबांना समोर बसवून थेंब घालायला लावला होता. बाबांनी बाटली डोळ्यावर उंच धरून दाबली, तीन थेंब पडले, एक आत गेला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, खालच्या पापणीच्या खोबणीत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. दुसरा थेंब कशासाठी?" मग खालची पापणी ओढून खोबण कशी करायची, बाटलीचा हात कपाळाला कसा टेकवायचा, थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं कसा दाबून धरायचा, हे त्यांनी दाखवलं. कोपरा दाबला की औषध नाकात कमी उतरतं, डोळ्यात जास्त राहतं. एक पैसाही न लागणारी ही गोष्ट, आणि काकांना ती कुणी सांगितली नव्हती.

आणखी एक रीत. पहिला महिना ते शक्यतो एकच औषध देतात, कधी कधी एकाच डोळ्यात घालायला सांगतात, म्हणजे दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघता येतं. लागू पडलं नाही तर ते बदलतात. त्याच्या जोडीला दुसरं चिकटवत नाहीत. पाणी बाहेर जायची जाळी मोकळी करणाऱ्या लेझरचं आधीच बोलतात. इंग्लंडमध्ये सातशेहून अधिक रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीलाच लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतरही एकही थेंब न घालता ठरलेल्या आकड्यावर होता. सगळ्यांना ते चालत नाही, बाबांना चाललं नाही. पण चालणाऱ्याला ते सांगितलं की माझं एक गिऱ्हाईक कमी होतं, आणि मला त्याचा आनंद होतो.

हे सगळं लिहिलं म्हणून त्या डॉक्टरांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. मध्ये एक वर्ष असं आलं की त्यांच्या कागदांवर बिनप्रिझर्वेटिव्हची महाग बाटली वरचेवर दिसू लागली. लाल डोळ्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या, हे त्यांचं कारण होतं आणि ते खरंही होतं. सुरुवातीला मी नुसत्या बाटल्या मागवत गेले.

मग जून आला. गोव्यात फार्मसी चालवणाऱ्याला वर्षातले दोन वाईट पंधरवडे ठाऊक असतात, शाळा सुरू व्हायचा आणि चवथीच्या आधीचा. नातवंडांची वह्या-पुस्तकं, रेनकोट, मग माटोळीचं सामान, फटाके, पाहुणे. घरात पैसा कमी पडला की मधुमेहाची गोळी बंद होत नाही, कारण चक्कर येते. रक्तदाबाची होत नाही, कारण डोकं दुखेल अशी धास्ती असते. काचबिंदूचा थेंब बंद होतो. तो घातल्याने काही बरं वाटत नाही, उलट चुरचुरतं, आणि न घातल्याने काहीच होत नाही. निदान त्या महिन्यात काही होत नाही. सावईवेऱ्याची एक म्हातारी होती, कुळागरात सुपाऱ्या सोलायला जायची. ती दोन डोळ्यांसाठी आलेला कागद पुढे करून म्हणाली, "बाय, ह्या फावटीं एकूच दी. उजव्या दोळ्याक घालतां." एका डोळ्याला घालते, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात बघू. हिशेब मांडावा इतक्या सहज ती हे म्हणाली.

जुलैतली दुपार. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज चालू. बहुतेक कंपन्यांची लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते, त्यामुळे पावसात माझा अर्धा जीव त्या फ्रिजमध्ये असतो. गिऱ्हाईक नव्हतं. मी वही काढली आणि त्या महाग बाटलीच्या माणसांच्या तारखा लाल पेनने जोडत गेले. आधी तीस-बत्तीस दिवसांनी येणारे आता पन्नास, पासष्ट दिवसांनी येत होते. काहींच्या दोन चौकटींनंतर पुढे कोरी जागाच. पण खरा धक्का वेगळाच होता. ज्यांच्या तारखा लांबल्या होत्या, त्यांच्याच नावांपुढे पुढच्या तपासणीनंतर दुसरं औषध वाढलेलं होतं.

शनिवारी दवाखाना संपल्यावर मी वही घेऊन गेले. जाताना हात गार पडले होते. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा संबंध, आणि मी डॉक्टरला त्याच्या औषधाबद्दल सांगणार. त्यांनी चष्मा वर करून पानं उलटली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे सगळे माझेच?"

"हो."

"मी यांचा दाब वाढलेला बघतो आणि मला वाटतं, औषध लागू पडत नाहीये. म्हणून दुसरं वाढवतो." त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "आणि ते यांना दुप्पट महाग पडतं."

"त्यातही काहींचा दाब तुमच्याकडे बरोबर येत असेल," मी म्हटलं, "कारण तपासणीच्या आधी चार दिवस बाटली नेतात. तारखा बघा." त्यांनी बघितल्या. तपासणी सोमवारी, बाटली आदल्या गुरुवारी. आकडा सुरेख येणार, आणि मधल्या दोन महिन्यांत नस झिजत राहणार.

"त्यांनी मला सांगितलं का नाही?" डॉक्टर म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता, तरी मी उत्तर दिलं. "तुम्हाला कसं सांगतील? तुम्ही त्यांचे डोळे बघता. पैसे नाहीत हे ते मला सांगतात, तेसुद्धा दुसरं गिऱ्हाईक नसलं तर."

त्यानंतर काय बदललं ते थोडक्यात सांगते. महाग बाटली ज्यांना खरंच लागत होती त्यांचीच राहिली. बाकीच्यांना साधं लॅटानोप्रॉस्ट, ज्यांची छाती आणि नाडी ठीक होती त्यांतल्या काहींना नुसतं टिमोलॉल. औषध वाढवायच्या आधी ते आता मला फोन करतात, "मागची बाटली कधी नेली?" आणि रुग्णाला विचारतात, "महिन्याला किती जमेल?" हा प्रश्न दवाखान्यात कुणी विचारला की आमच्याकडच्या माणसांना आधी संकोच वाटतो, मग खांदे खाली येतात. सावईवेऱ्याच्या म्हातारीला त्यांनी दोन्ही डोळ्यांसाठी परवडेल असं औषध बसवून दिलं आणि नंतर लेझरही केलं.

मीही थोडं काम केलं. मुदत संपलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या एका स्टीलच्या ताटलीत थेंब थेंब रिकाम्या केल्या. छापलेलं माप एकच, पण तोंडाचं भोक आणि प्लॅस्टिकचा मऊपणा वेगळा, त्यामुळे थेंबाचा आकार वेगळा. एकीतून दुसरीपेक्षा पंधरा-वीस थेंब जास्त पडले. म्हणजे तीस रुपये स्वस्त असलेली बाटली आठवडाभर आधी संपली तर ती महागच पडते. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बाटलीची किंमत सांगत नाही, दिवसाला किती पडतात ते सांगते. बाटली देताना चिठ्ठी चिकटवून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहायला लावते, कारण उघडलेली बाटली चार-सहा आठवड्यांनंतर वापरायची नसते. वाळपईच्या कदंबा बसने जाणाऱ्यांना बर्फाची छोटी पिशवी देते. आणि लाल डोळ्यांसाठी स्टेरॉइडचा थेंब कागदाशिवाय मागायला येणाऱ्यांना देत नाही, कितीही रागावले तरी. तो थेंब महिनोन् महिने घातला की त्यानेच दाब चढतो.

नणंदेची मुलगी न्यूजर्सीत असते. तिने सांगितलं की तिकडे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यातून, मेडिकेअरमधून, जी औषधं जातात त्यांचा डॉक्टरवार हिशेब सरकार उघड करतं. २०१३ सालचा हिशेब २०१५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. डॉक्टरचं नाव घातलं की त्याने कुठलं औषध किती वेळा लिहिलं, त्याचे किती पैसे झाले, सगळं समोर. तिने एका डोळ्यांच्या डॉक्टरचं पान व्हिडिओ कॉलवर दाखवलं, औषधांच्या नावांची लांबलचक रांग. ती सगळी नावं माझ्या ओळखीची होती, लॅटानोप्रॉस्ट, टिमोलॉल, डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉलची जोडी. समुद्रापलीकडच्या कुणा डॉक्टरची रीत मी माझ्या काउंटरवर बसून वाचत होते.

असा हिशेब आपल्याकडेही उघड असावा असं मला मनापासून वाटतं. पण ते पान बघताना माझा हात आपोआप वहीकडे गेला. त्या रांगेत किती बाटल्या लिहिल्या ते होतं, किती पैसे झाले ते होतं. ज्याच्याकडे बाकीच्यांनी हात टेकलेले रुग्ण येतात त्याचा आकडा मोठाच दिसणार, त्यावरून त्याला कुणी उधळ्या म्हटलं तर तो अन्याय. आणि ज्याचा आकडा लहान, त्याचे रुग्ण स्वस्त औषधाने बरे राहिले की निम्मे परत आलेच नाहीत, ते त्यात कुठे दिसणार? न नेलेली बाटली कुठल्याच यादीत येत नाही.

बाबांच्या नजरेचा नकाशा दर सहा महिन्यांनी काढतात. अंधाऱ्या खोक्यात हनुवटी टेकवून, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाबा ही परीक्षा असल्यासारखी आदल्या रात्री लवकर झोपून देतात. कागदावरचा डावीकडचा काळा डाग गेल्या चार तपासण्यांत तेवढाच आहे. सख्ख्या नात्यात हा आजार असला की आपलाही धोका वाढतो, म्हणून मी दरवर्षी तपासून घेते. वास्कोचा भाऊ अजून पुढच्या महिन्यावर ढकलतोय. जत्रेला बाबा आता विंगेच्या डाव्या टोकाला उभे राहतात, म्हणजे सगळा रंगमंच त्यांच्या उजवीकडे येतो.

आज सकाळी वहीचं पान उलटलं तर शिरोड्याच्या एका माणसाची बाटली घेऊन त्रेचाळीस दिवस झालेले दिसले. पोदेराचं काम, पहाटे सायकलवरून पाव घालणारा. त्याचा स्वतःचा फोन लागत नाही. सुनेचा नंबर वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला आहे. दुपारी ती कामावरून घरी येते तेव्हा करते.